चोवीस हजार मीटर उतार

इटलीच्या वायव्य कोपऱ्यात, फ्रान्स आणि स्वित्झर्लंडच्या सीमांना लागून आओस्ताचं खोरं आहे. तिथे 2010 पासून सप्टेंबरात 'तोर दे जेआं' ही डोंगरशर्यत भरते. माँ ब्लां, ग्रान पारादिझो, मोंते रोझा आणि मॅटरहॉर्न या चार महाकाय पर्वतांच्या पायथ्यांवरून जाणारी सुमारे 330 किलोमीटरची प्रदक्षिणा. मुदत 150 तास. रोजचे टप्पे ठरलेले नाहीत. घड्याळ एकदा सुरू झालं की शेवटपर्यंत थांबत नाही. कधी झोपायचं, किती झोपायचं, कुठे बसून गरम सूप प्यायचं, हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

या शर्यतीबद्दल कुणीही बोलायला लागला की पहिला आकडा येतो तो चढाचा: 24,000 मीटर. समुद्रसपाटीपासून एव्हरेस्टच्या माथ्यापर्यंत अडीच वेळा चढण्याहूनही जास्त. ऐकणाऱ्याचा आ वासतो आणि बोलणं तिथेच थांबतं. पण शर्यत कुर्मायर गावातून सुटते आणि कुर्मायरलाच येऊन संपते. म्हणजे जेवढा चढ, तेवढाच उतार. हे गणित तिसरीतल्या मुलालाही येईल, तरी उताराचा आकडा कुणी सांगत नाही.

साताऱ्यातल्या एका शाळेच्या निवृत्त क्रीडाशिक्षिका आणि त्यांचा एक जुना विद्यार्थी, या दोघांची नावं एकाच वर्षी या शर्यतीच्या सोडतीत निघाली. विद्यार्थी आता पुण्यात संगणकाच्या कंपनीत चांगल्या हुद्द्यावर होता. बाईंनी साठीच्या उंबरठ्यावर पाऊल ठेवलं होतं. तो त्यांना अजूनही 'बाई'च म्हणायचा आणि त्या त्याला 'अरे'.

बाईंच्या शाळेत अजिंक्यताऱ्याची शर्यत असायची. शाळेच्या फाटकातून पळत सुटायचं, किल्ल्यावर शिपाईमामा हातावर शिक्का मारायचे, तो घेऊन परत यायचं. हा मुलगा शिक्का घेण्यात दरवर्षी पहिला. पण बाई वर कधी गेल्या नाहीत. त्या स्टॉपवॉच घेऊन खाली फाटकापाशी उभ्या असत आणि वेळ लिहीत ती तिथली. एके वर्षी उतरताना दोघांनी त्याला मागे टाकलं. तो फुरंगटून म्हणाला, "बाई, वर तर मीच पहिला होतो!" बाईंनी वहीत त्याच्या नावापुढे तीन आकडा लिहिला आणि पुढच्या मुलाकडे पाहिलं. त्याला ते अन्यायाचं वाटलं, आणि मोठा झाल्यावरही वाटत राहिलं.

पुण्यात त्याचा सराव सिंहगडावर चालायचा. पहाटे आतकरवाडीतून चढायला लागायचं, वर पोचायचं, जीपने खाली यायचं आणि पुन्हा चढायचं. एका सकाळी तीन-तीन चढ. यात त्याचा हिशेब होता आणि तो वेड्यासारखा नव्हता. उतरण्यात वेळ जातो, गुडघ्यांना मार बसतो, आणि दम वाढतो तो चढताना. नोकरी करणाऱ्या माणसाकडे सकाळचे मोजके तास. ते चढावर का घालू नयेत? मोबाईलवर दर आठवड्याच्या चढाचा आकडा वाढत होता आणि मित्र त्याला शाबासकी देत होते.

बाई साताऱ्याला यवतेश्वरचा घाट चढायच्या आणि उतरायच्या, सज्जनगडाच्या पायऱ्या चढायच्या आणि उतरायच्या. रविवारी फोन व्हायचा.

"किती झाला चढ?"

तो अभिमानाने सांगायचा.

"आणि उतरतोस कसा?"

"जीपने, बाई."

पलीकडे थोडा वेळ काहीच नाही. मग, "आठवड्यातून एकदा तरी पायी उतर, बाबा."

"हो, बाई."

तो उतरला नाही.

इथे थोडं थांबून शरीराचं सांगायला हवं, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. चढताना मांडीचा पुढचा स्नायू आखडतो आणि आपल्याला वर उचलतो. फुप्फुसं फुलतात, घाम येतो, कष्ट दिसतात. उतरताना तोच स्नायू शरीराचं वजन पेलून धरतो आणि पेलता पेलताच ताणला जातो. जड कळशी आडात सोडताना हातातून दोर सरकू द्यायचा, पण सुटू द्यायचा नाही, तसं. श्वास शांत असतो, म्हणून माणसाला वाटतं की आपण विश्रांती घेतो आहोत. त्याच वेळी स्नायूच्या आत बारीक बारीक चिरा पडत असतात, आणि त्यांचा ठणका एक-दोन दिवसांनी कळस गाठतो. मात्र एकदा हा मार सोसलेला स्नायू पुढचे काही आठवडे त्याच माराला बराच पुरून उरतो. हे कवच उतरूनच मिळतं. कितीही चढलं तरी मिळत नाही.

रविवारी सकाळी कुर्मायरच्या रस्त्यांवर गाईंच्या गळ्यातल्या मोठ्या घंटा वाजवत गाव उभं होतं. शेकडो धावपटू सुटले आणि पहिल्याच चढाला, 2,571 मीटरच्या आर्प खिंडीकडे लागले. तो पहिल्या तासातच बाईंच्या पुढे निघून गेला. जाताना वळून त्यानं हात केला. बाईंनी काठी वर उचलली.

पुढची रात्र आणि पुढचा दिवस त्याचाच होता. खिंडी येत होत्या आणि तो त्यांवर तुटून पडत होता. चढावर लोकांना गाठायचं, माथ्यावर पाणी प्यायचं, आणि उतारावर उड्या टाकत वेळ कमवायचा. सोमवारी दुपारी तो लोझोन खिंडीत पोचला. 3,299 मीटर, या वाटेवरची सगळ्यांत उंच जागा. हा ग्रान पारादिझोचा मुलूख. 1856 मध्ये राजानं स्वतःच्या शिकारीसाठी राखलेलं रान 1922 मध्ये इटलीचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं. त्यामुळेच आल्प्समधून जवळजवळ नाहीसे झालेले आयबेक्स, वाकड्या भल्या मोठ्या शिंगांचे रानबोकड, इथे टिकून राहिले. खिंडीखालच्या उतरणीवर असे दोन बोकड उभे होते. त्यांतला एक कडा उतरायला लागला. खूर ठेवायचा, वजन पडू द्यायचं, मग दुसरा खूर. घाई नाही. त्यानं फोटो काढला आणि बोकडाच्या शेजारून धावत खाली सुटला.

लोझोनपासून कोन्ये गाव सतराशे मीटरहून जास्त खाली आहे. तो सगळा उतार त्यानं धावत काढला. गावात शिरताना मांड्या तापल्यासारख्या झाल्या होत्या, पण घड्याळ छान दिसत होतं. मुक्कामाच्या ठिकाणी प्रत्येकाची पिवळी पिशवी पोचलेली असते. त्यातून कोरडे मोजे काढले, पास्ता खाल्ला, आणि झोप पुढे ढकलून तो अंधारात निघाला.

बाई तेव्हा लोझोनच्या अलीकडेच होत्या. आदल्या रात्री त्या दोन तास झोपल्या होत्या. उतारावर त्या काठ्या आधी पुढे रोवत, मग पाऊल शरीराच्या खालीच पडेल असं आखूड टाकत. धावणारे त्यांना ओलांडून जात, त्या बाजूला होऊन वाट देत. बघणाऱ्याला वाटलं असतं, वय झालं. पण मला इथे एक अभ्यास सांगायचा आहे. लोझान विद्यापीठातल्या संशोधकांनी याच शर्यतीतल्या धावपटूंचे स्नायू तपासून 2013 मध्ये निष्कर्ष छापले. 166 किलोमीटरच्या डोंगरशर्यतीशी त्यांनी ते ताडून पाहिले. अंतर जवळपास दुप्पट असूनही इथल्या धावपटूंच्या पायांची ताकद कमी घटलेली होती आणि स्नायूंची इजाही कमी होती. इतकं लांब जायचं म्हटल्यावर माणूस सुरुवातीपासूनच स्वतःला राखून वागतो, हे त्याचं एक मोठं कारण. बाईंनी हा अभ्यास वाचला नव्हता. त्यांनी पस्तीस वर्षं मुलांना फाटकात परत येताना पाहिलं होतं.

कोन्येच्या पुढे शांपोर्शेची खिंड, 2,827 मीटर. तिथून दोनास गावापर्यंत वाट खाली खाली जाते. दोनास 330 मीटरवर आहे, या शर्यतीतली सगळ्यांत खालची जागा. अडीच हजार मीटरची उतरण, मधल्या छोट्या चढांचा हिशेब वेगळाच.

मध्यरात्रीनंतर तो खिंडीत पोचला. चढताना काहीच त्रास नव्हता. पलीकडे पहिलं पाऊल खाली टाकलं आणि मांडीनं त्याला धरलंच नाही. गुडघा दुमडला, तो बसला. उठला, दुसऱ्या पायावर वजन घेतलं, तोही तसाच. खालच्या दोंदेनाच्या आश्रयगृहापर्यंत जाताना त्याला जाणाऱ्या प्रत्येकाच्या दिव्याची लाज वाटत होती. तिथे दोन तास झोपला. उठला तेव्हा पाय लाकडाचे झाले होते. सकाळी दगडी पायऱ्या आल्यावर तो पाठमोरा होऊन, हात टेकत उतरायला लागला.

शार्दोनेच्या वस्तीपाशी बाईंनी त्याला गाठलं.

"अरे, हे काय?"

"मांड्या गेल्या, बाई. तुम्ही व्हा पुढे."

बाईंनी त्याच्या मांडीवर अंगठा दाबला. तो ओरडला. त्यांनी पाठीवरची पिशवी खाली ठेवली, त्याच्या काठ्यांची लांबी वाढवून दिली आणि म्हणाल्या, "सरळ बघून उतरू नकोस. वाटेच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत तिरका चाल. आधी काठ्या, मग पाय. माझ्या मागे ये."

"तुमची वेळ चुकेल."

"माझी वेळ मी बघते."

अठरा-वीस किलोमीटर ते तसेच चालले. चेस्टनटच्या झाडांमधून, दगडी छपरांच्या वस्त्यांमधून, नदीच्या आवाजाला धरून. गावोगाव लोक टेबलं मांडून बसलेले. हजारोंच्या संख्येतली ही माणसं शर्यतीची नोकर नाहीत, याच खोऱ्यातली रहिवासी आहेत. कुणी चीज कापून देतं, कुणी गरम चहा. आजवर तो चमचाभर खाऊन पुढे पळत आला होता. आता बसल्याशिवाय उठता येत नव्हतं, म्हणून बसावं लागलं. एका आजींनी त्याच्या पायांकडे पाहून नुसती मान हलवली आणि त्याच्यापुढे पोलेंताची, म्हणजे मक्याच्या घट्ट लापशीची, थाळी ठेवली. मग बाईंनाही खायला बसवलं.

संध्याकाळी डोक्यावर बारचा किल्ला दिसला. 1800 मध्ये आल्प्स ओलांडून उतरलेल्या नेपोलियनच्या फौजेला याच अरुंद घळीत चारशेच्या आसपास शिपायांनी दोन आठवडे अडकवून ठेवलं होतं. एवढा मोठा पर्वत ओलांडून आलेली फौज, आणि अडकली ती उतरल्यावर. दोनासच्या वेशीपाशी रोमनांनी कड्यात कोरून काढलेला रस्ता आहे, दगडातच कोरलेली कमान आहे, गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या आहेत. आओस्तापासूनचं अंतर सांगणारा छत्तिसाव्या मैलाचा खांबही त्याच कड्यातून घडवलेला. रस्ता जवळजवळ सपाट होता. तो दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या फरशीवरून म्हाताऱ्यासारखा चालला, आणि त्या सपाटीवर त्याला खूप बरं वाटलं.

मुक्कामाच्या हॉलमध्ये डॉक्टरांनी तपासलं, फोड साफ केले. तो जेवला, तासभर झोपला. उठून हॉलच्या पायऱ्या चढून पाहिल्या. एक, दोन, दहा. दुखत होतं, पण मांडी वजन उचलत होती. तो आनंदाने बाईंकडे आला.

"बाई, चढायला काही होत नाहीये!"

बाई बुटाची नाडी बांधत होत्या. "होणार नाहीच. चढाचा पाय तुझा पहिल्यापासून चांगला आहे."

"पुढे चढच आहे. कोदाचं आश्रयगृह, 2,224 मीटर. सलग एकोणीसशे मीटर. मी करेन."

"करशील. माझ्या आधी पोचशील." नाडीची गाठ मारून झाली. "आणि तिथून खाली?"

"तोवर सैल होतील पाय. आणि नाहीच झाले, तर हेलिकॉप्टर असतं ना."

"म्हणजे पुन्हा जीपच."

तो काही बोलला नाही. बाईंनीही पुढे ताणलं नाही. पिशवी पाठीला लावली, त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "ठरव तू. लहान नाहीस." आणि पाँ-सें-मार्तेंच्या रस्त्याला लागल्या.

पुढचा अर्धा तास त्याने त्या हॉलमध्ये काय विचार केला असेल, हे ज्यानं कधी खूप वाट पाहून मिळालेली गोष्ट अर्ध्यावर ठेवली आहे त्याला सांगायला नको. साठवलेली रजा, घातलेले पैसे. पुण्यात मोबाईलवर त्याच्या नावाचा ठिपका बघत बसलेले मित्र. ठिपका दोनासला थांबलेला दिसणार. आणि थांबायची वेळ कशी आली होती? श्वास ठीक, पोट ठीक, समोर चढ, आणि चढ त्याला येत होता. दमून कोसळलेल्या माणसाला थांबणं सोपं जातं. हा तर पुढे जाऊ शकत होता.

या शर्यतीत जीवही गेला आहे. 2013 मध्ये एका चिनी धावपटूचा क्रोझाती खिंडीच्या परिसरात पडून मृत्यू झाला. 2015 मध्ये हवामान इतकं बिघडलं की आयोजकांना शर्यत मध्येच थांबवावी लागली, आणि बहुतेकांना कुर्मायर गाठताच आलं नाही. डोंगरात वर अडकलेल्या एका माणसाला आणायला चार-सहा माणसं वर जातात, आणि त्यांचेही पाय घसरू शकतात. सोडवायला येणाऱ्यांचा जीव आपल्या हिशेबात न धरता जो 'मी करेन' म्हणतो, त्याच्या हिमतीचं मला कधीच कौतुक वाटलेलं नाही.

तो टेबलाशी गेला आणि शर्यत सोडत असल्याचं सांगितलं. तिथल्या बाईंनी यादीत खूण केली, त्याच्या हातावर हात ठेवला आणि इटालियनमध्ये काहीतरी म्हटलं. त्याला कळलं नाही, त्यानं विचारलंही नाही.

दुसऱ्या दिवशी बसने तो कुर्मायरला आला. तिथे त्याला तीन दिवस काहीच काम नव्हतं. राहण्याची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. पहिल्या दिवशी तो जिना कठडा धरून पाठमोरा उतरला. दुसऱ्या दिवशी तिरका. दुपारी तो गावाच्या वरच्या अंगाला, बेर्तोनेच्या आश्रयगृहावरून येणारी शेवटची वाट संपते तिथे, जाऊन बसायचा. साडेसातशे मीटरचा हा उतार, आणि मग शेवटची कमान. शंभर-सव्वाशे तास चाललेली माणसं तिथून खाली येत होती. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं, सगळेच सुजलेले. तो फक्त पाय बघायचा. कुणी काठ्यांवर लोंबकळत यायचं, कुणी कण्हत. आणि मधूनच एखादी पन्नाशीची बाई, एखादा पांढऱ्या दाढीचा गावकरी, आखूड पावलं टाकत हलका पळत यायचा. ते पाय बघायला त्याला आवडायला लागलं. कुठल्या वळणावर ते किती झुकतात, टाच कशी टेकतात, हे तो शाळेतल्यासारखं टिपून ठेवत होता.

शनिवारी दुपारी, मुदत संपायला काही तास असताना, झाडांतून ओळखीची टोपी दिसली. बाई उतरत होत्या. आधी काठ्या, मग पाय, तीच चाल. फक्त सरळ, आणि बऱ्यापैकी भरभर. वाटेत त्यांनी दोघांना मागे टाकलं. तो उठला आणि त्यांच्या शेजारून चालायला लागला. कमानीच्या अलीकडे थांबला. त्या एकट्या पुढे गेल्या, घंटा वाजल्या, कुणी तरी गळ्यात काहीतरी घातलं.

नंतर कट्ट्यावर बसून बाई बूट काढत होत्या. पाय पावासारखे सुटले होते. त्यानं न राहवून विचारलं, "बाई, शार्दोनेपासून दोनासपर्यंत माझ्यामुळे तुमचा किती वेळ गेला? दोन तास?"

"अडीच."

"शेवटी तेवढेच हाताशी होते तुमच्या. ते गेले असते तर?"

बाईंनी मोजा ओढून काढला आणि बोटं हलवून पाहिली. "अरे, त्या सकाळी मला फार छान वाटत होतं. ऊन पडलेलं, झोप झालेली. वाट बघितली आणि म्हटलं, हा सगळा उतार आता पळतच काढते, मागचे तास भरून निघतील. शार्दोनेपर्यंत पळलेच मी. पाय कुरकुरायला लागले होते, मी लक्ष देत नव्हते. पुढे तू दिसलास. मग चालावं लागलं." त्या दुसऱ्या बुटाकडे वळल्या. "मालात्राच्या खिंडीवरून काल रात्री उतरले ते त्या चालण्याच्या जिवावर. दोनासपर्यंत पळाले असते, तर तुझ्या शेजारच्या खाटेवर असते मी."

तो त्यांच्याकडे बघत राहिला.

"भात मिळतो का रे इथे कुठे?" बाईंनी विचारलं. "सहा दिवस पास्ता खाते आहे."

"रिसोत्तो मिळतो, बाई. भातच असतो तो. खालच्या गल्लीत आहे एक जागा, पंधरा पायऱ्या उतरायच्या."

"चल," बाई म्हणाल्या, आणि अनवाणीच उठल्या.